कारल्याचे श्रेय

आप्पा, तुमच्या वेलाला अजून कारली लागत आहेत.

तुम्ही गेल्याचे त्याला कोणी कळवलेले नाही. रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलेला तो वेल आपल्या गॅलरीच्या गजांवरून चढत वरच्या मजल्यावर सुलभाताईंच्या कठड्याला जाऊन पोहोचला आहे. काल त्या जिन्यात भेटल्या. माझा हात हातात घेतला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आप्पांचा वेल आमच्याकडे आलाय गं. दोन कारली धरलीत. ती आमची की तुमची?"

"आप्पा काय म्हणायचे?"

"ते म्हणायचे, मूळ ज्याचं, फळ त्याचं."

"मग झालं तर."

"हो, पण आता ते कुठे आहेत बघायला?" असे म्हणून त्या पुन्हा रडल्या. दु:ख खरे होते. कारलीही त्यांना खरेच हवी होती. मी म्हटले, घ्या. तुम्ही दिली नसतीत.

मृत्युलेख कसा लिहितात ते मला ठाऊक आहे. जन्म, शिक्षण, नोकरी, मनमिळाऊ स्वभाव, पश्चात परिवार. वर्तमानपत्राच्या डेस्कवर असे मजकूर मी पुष्कळ बसवले. तुमच्याबद्दल ते लिहीत नाही. शिवाय 'मनमिळाऊ' हा शब्द तुम्हीच काढायला लावला असतात. तुम्ही खडकवासल्याला पाटबंधारे खात्यात धरणाची पाणीपातळी वाचत होता, एवढे पुरे, कारण ते पुढे लागणार आहे. आणि एक गोष्ट नोंदवून ठेवते. तुम्ही साखरेने गेला नाहीत. ते लिहायचे राहिले असते, तर तुम्ही जिथे असाल तिथून खुलासा पाठवला असतात.

आपला वाद एकच होता. तो तुम्ही अर्धा टाकून गेलात.

साखर निघाली तेव्हा तुम्ही निवृत्त झाला होता. साखरेचे तुम्हाला भय नव्हते. भय होते सुईचे. तुमच्या थोरल्या भावाला, दादांना, इन्सुलिन सुरू झाले आणि त्यानंतरची दिवाळी त्यांना दिसली नाही. ही हकीकत तुम्ही या घरात इतक्या वेळा सांगितलीत की आईंना तिची विरामचिन्हेसुद्धा पाठ होती. मी एकदा म्हटले, "आप्पा, दादांचं हृदय आधीच अधू होतं. एकामागून दुसरं घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नाही." तुम्ही म्हणालात, "मेधा, तू त्यांना पाहिलं नाहीस. मी पाहिलंय. सुई लागली, माणूस संपला." पाहिलेल्या गोष्टीपुढे वाचलेली गोष्ट नेहमीच थोडी दबून बसते.

म्हणून डॉक्टरीणबाई जेव्हा म्हणाल्या की पुढचा रिपोर्ट असाच आला तर इन्सुलिनचा विचार करावा लागेल, तेव्हा तुम्ही दवाखान्यातून घरी आलाच नाहीत. थेट मंडईत गेलात आणि पिशवी भरून कारली घेऊन आलात. आईंपुढे ती ओतलीत. "आजपासून रोज. कडू असलं तरी चालेल."

पुढचे काही महिने तुम्ही कारल्याची भाजी अशा चेहऱ्याने खाल्लीत की पाहणाऱ्याला वाटावे, माणूस व्रतस्थ आहे. तुमच्या लेकाने, शिरीषने, एकदा विचारले, "आप्पा, फार कडू आहे का?" तुम्ही म्हणालात, "सवय होते." फिरायला येणाऱ्या मंडळींतही तुमचे नाव झाले. आणि रिपोर्ट आला तर साखर वाढलेली. डॉक्टरीणबाईंनी विचारले, खाण्यात काय असते? तुम्ही छाती पुढे काढून सांगितलेत, "कारलं. फक्त कारलं." त्या गोंधळल्या. घरी आल्यावर मी म्हटले, पाहिलंत? कारल्याने काही होत नाही. तुम्ही जेवला नाहीत.

उलगडा झाला तो माझ्या नोकरीमुळे. आमच्या आरोग्य पुरवणीत मधुमेहींसाठी पाककृतींचे पान होते आणि एक चौकट रिकामी राहत होती. मी आईंना विचारले, आप्पांची कारल्याची भाजी सांगता का, छापते. आई खूश झाल्या. मी लिहून घेऊ लागले. कारली चिरायची, मीठ लावून पिळायची, फोडणीवर परतायची, मग चिंचेचा कोळ, गोडा मसाला, "आणि मग गूळ."

"गूळ? किती?"

"भाजी गोड लागेपर्यंत."

बाहेरच्या खोलीत तुमचे वर्तमानपत्र खाली आल्याचा आवाज मी ऐकला.

"अहो, असं काय बघताय?" आई म्हणाल्या. "नुसतं कडू कसं खाईल माणूस? तुम्हाला कडू आवडत नाही हे मला लग्नापासून माहीत आहे."

"म्हणजे मी इतके महिने कशाचं औषध घेत होतो?"

"गुळाचं," मी म्हटले.

आधी तुम्ही हसलात, मग आम्ही. साखरेत घोळले तरी कारले कडूच राहते, ही म्हण आईंच्या स्वयंपाकघराला लागू नव्हती. त्या मात्र दोन दिवस खट्टू होत्या. त्यांनी काही चुकीचे केलेच नव्हते. तुम्ही आनंदाने खावे एवढेच त्यांनी पाहिले होते, आणि तुम्ही आनंदाने खातही होता; फक्त चेहरा औषध घेतल्याचा ठेवत होता. पाककृतीची ती चौकट मी दुसऱ्या मजकुराने भरली.

त्यानंतर रस आला. फिरायच्या मंडळींपैकी कोणीतरी सांगितले की भाजीत जोर नाही, रसात आहे. सकाळी मिक्सरचा आवाज, मग गाळणे, मग तुमचा तो स्टीलचा पेला. त्यावर तुम्ही खिळ्याने एक रेघ ओढली होती. रस रेघेपर्यंत, वर नाही, खाली नाही. सुलभाताईंनी विचारले, "आप्पा, रेघ कशाला?" तुम्ही म्हणालात, "पातळी ठरलेली नसली की लोक धरणालाही दोष देतात."

ते पत्रकही तुम्ही त्याच सुमारास आणलेत. कारले: मधुमेहावर रामबाण उपाय. "हे छाप." मी डेस्कवरच्या सवयीने पेन्सिल घेतली. आमच्याकडे 'रामबाण' दिसला की काढायचा आणि 'संशोधनाने सिद्ध' दिसले की कोणाच्या, ते विचारायचे, असा दंडक होता. तुम्ही शेजारी खुर्ची ओढून बसलात. ज्या वाक्याला आधार नव्हता ते मी काढत गेले. शेवटी एक वाक्य उरले: कारले ही एक वेलवर्गीय फळभाजी आहे.

"एवढं तर मंडईत फुकट कळतं," तुम्ही म्हणालात. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी कामावरून आले की विचारायचात, "काय सूनबाई, आज कोणाची मान कापली?"

पुढचा रिपोर्ट चांगला आला. तुम्ही तो जेवणाच्या टेबलावर माझ्या ताटाच्या जागी ठेवला होता. मी म्हटले, गोळीचा डोस वाढवलाय, तुम्ही फिरताय, गूळ बंद झालाय. श्रेय एकट्या कारल्याला कसे देता? त्यावर तुम्ही जे बोललात ते मला आजही तंतोतंत आठवते, कारण वादात स्वतःच्या विरुद्ध इतका प्रामाणिक पुरावा देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"बरोबर आहे तुझं. एकदम दोन दरवाजे उघडले आणि खाली पाणी वाढलं, तर कुठल्या दरवाजाचं वाढलं ते सांगता येत नाही. सांगायचं तर एक बंद करून बघावा लागतो."

"मग करा कारलं बंद."

"गोळी करतो."

तुम्ही हे थट्टेत म्हणाला नव्हतात. शिरीषचा हात आमटीच्या वाटीवर थांबला. मी म्हटले, आप्पा, बंद करायचाच तर कारल्याचा दरवाजा करा. "तो नाही. गोळीच्या मागे मोठ्या कंपन्या आहेत. कारल्याला कोणाचाच वशिला नाही." आईंनी भाताचा डाव खाली ठेवला आणि म्हणाल्या, "गोळी बंद केलीत तर मीही माझी रक्तदाबाची बंद करते. बघू कोण आधी पडतं." एवढ्याने तो प्रयोग टळला. गोळी तुम्ही सोडली नाहीत. त्याबद्दल मी तुम्हाला कधी शाबासकी दिली नाही. ती आईंची होती.

संकट आले ते दुसऱ्याच बाजूने, आणि तेही अगदी आपल्या घराला शोभेल असे. संकष्टी होती. सकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारलेत, "उपवासाला कारलं चालतं का?"

"नाही चालत," आई म्हणाल्या.

"औषध म्हणून?"

"औषध चालतं."

प्रश्न शास्त्राप्रमाणे सुटला. गोळी औषध, रस औषध, दोन्ही चालले. साबुदाणा साखरेला वाईट म्हणून तुम्ही आधीच सोडला होता. दिवसभरात पोटात गेले ते एवढेच, आणि संध्याकाळी तुम्ही मला म्हणालात, चल, कसब्याच्या गणपतीला जाऊन येऊ.

नारायण पेठेतून आपण चालत निघालो. कसब्यात शिरल्यावर तुमची चाल बदलली. मला वाटले गर्दीमुळे. मग तुम्ही भांड्यांच्या एका दुकानापाशी थांबलात आणि मला विचारलेत, "पाणी सोडलं का?"

"कुठलं पाणी?"

"कालव्याला. निरोप आलाय."

कपाळावर घाम होता, हात थरथरत होते. साखर एकदम उतरल्याची ही लक्षणे आरोग्य पुरवणीत मी कितीदा तरी छापली होती. छापील लक्षणे आणि आपल्या माणसाचा थरथरता हात यांत फार अंतर असते. दुकानदाराने स्टूल दिले, साखर आहे का विचारल्यावर आत धावला. तेवढ्यात देवळाकडून येणाऱ्या एका बाईने हातातला पुडा उघडून तुमच्यापुढे पेढा धरला. तुम्ही तोंड फिरवलेत.

"उपवास आहे. चंद्र उगवायचाय."

"काका, प्रसाद आहे हा. प्रसादानं उपवास मोडत नाही."

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. दावा खरा का, असा तो प्रश्न होता. मी म्हटले, "खरं आहे. खा." मी कशाच्या आधारावर म्हटले ते विचारू नका. तुम्ही पेढा खाल्लात, मग दुकानदाराने आणलेले साखरेचे पाणी प्यायलात. थोड्या वेळाने चेहऱ्यावर रंग आला, नजर जागेवर आली. ती बाई अजून काळजीने वाकून पाहत होती. तुम्ही तिला म्हणालात, "पेढा शिळा होता."

तेव्हा मला कळले की तुम्ही वाचलात.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सगळे ऐकून घेतले. त्या म्हणाल्या, कारल्यात साखर थोडीफार उतरवणारे काही असावे. नेमके किती, हे पेल्याने मोजता येत नाही. म्हणूनच उपाशी पोटी, गोळीच्या जोडीला रस घ्यायचा नाही. भाजी खा, खुशाल खा, बिनगुळाची. गोळीच्या जागी कारले कधीच नाही. तुम्ही हे सगळे नीट ऐकलेत आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणालात, "ऐकलंस ना? डॉक्टरांनी कबूल केलं. कारलं साखर उतरवतं." विधान संदर्भ सोडून उद्धृत करणे म्हणजे काय, हे मी नव्या मुलांना शिकवताना पुढे नेहमी तुमचेच उदाहरण देत आले.

पण त्याच दिवशी तुम्हाला त्यांनी दुसरीही गोष्ट सांगितली होती. मधल्या काळात साखर पुन्हा वर गेली होती, गोळ्या पुऱ्या पडत नव्हत्या. आता इन्सुलिन.

घरी आलो. जिना चढताना पहिल्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसलात. मला वाटले दम लागला. मी बाजूला बसले. वर आई वाट पाहत होत्या, कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"मेधा, शिरीषला विचारलं तर तो मला बरं वाटेल तेच सांगेल. तू बातमीवाली. खरं सांग. सुई लागली म्हणजे संपलं का?"

"नाही."

"नक्की?"

"संपलं असतं तर तेही सांगितलं असतं."

तुम्ही बराच वेळ माझ्याकडे पाहिलेत. धरणावरची पट्टी तुम्ही अशीच वाचत असाल. मग गुडघ्यावर हात ठेवून उठलात. "चल. भात गार होईल."

आप्पा, यातली एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. आमच्याकडे नियम होता, एका सूत्रावर बातमी द्यायची नाही, दुसरीकडून दुजोरा घ्यायचा. त्या पायरीवर माझ्याकडे एकच सूत्र होते, डॉक्टरीणबाई. तुमचे जेवण झाल्यावर मी गॅलरीत जाऊन दुसऱ्या डॉक्टरांना फोन केला आणि तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, उलट, लोक फार उशीर करतात. दुजोरा मिळाला. आत येऊन पाहिले, तर तुम्ही आईंना सांगत होता, "मेधानं सांगितलंय, काही होत नाही." तुम्हाला दुसऱ्या सूत्राची गरज पडली नव्हती. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या शब्दावर कोणी इतके मोठे काही ठेवले नाही. त्याबद्दल आभार मानायचे असतात हे मला तेव्हा सुचले नाही, आज मानते.

पुढे सुईचा आपण नाहक धसका घेतला होता, हे तुम्ही स्वतःच सगळ्यांना सांगत फिरलात. इन्सुलिनची बाटली फ्रिजच्या दारात लिंबाच्या लोणच्याशेजारी आली. शिरीषला ती सिरिंज भरताना पाहवत नसे. तुम्ही त्याला बोलावून शिकवलेत, "उभ्यानं वाचायचं नाही. डोळा पातळीच्या रेषेत आणायचा. वरून बघितलं की माणूस फसतो." सुलभाताईंच्या यजमानांना इन्सुलिन लागले तेव्हा ते घाबरून तुमच्याकडे आले. तुम्ही म्हणालात, "अहो, काही नाही, एक जास्तीचा दरवाजा आहे." मी आत स्वयंपाकघरात होते. दादांची हकीकत तुम्ही सांगाल म्हणून कान देऊन ऐकत होते. तुम्ही ती सांगितली नाहीत. नंतरही कधी सांगितली नाहीत.

कारले मात्र सुटले नाही. बिनगुळाची भाजी, जेवणात, वाटीभर. वेलही तेव्हापासून दरवर्षी लावू लागलात, मंडईतल्या कारल्यांवर विश्वास नाही म्हणून. प्रत्येक चांगल्या रिपोर्टला तुम्ही गॅलरीकडे बोट दाखवायचात आणि मी फ्रिजकडे. रिपोर्ट वाईट आला की दोघेही आईंच्या फराळाच्या डब्याकडे. या महिन्यातही रिपोर्ट चांगलाच होता.

"बघ. कारलं," तुम्ही म्हणालात.

"इन्सुलिन."

"दोन्ही म्हण."

"म्हणते. पण कोणाचं किती?"

"ते पुढच्या रिपोर्टला ठरवू."

तो रिपोर्ट आता होणार नाही. सकाळी मिक्सर बंद होऊन तर कितीतरी वर्षे झाली, तरी या दिवसांत मला पहाटे जाग येते आणि घर फार शांत आहे असे वाटते. पेल्याची मांडणीवरची जागा मी बदललेली नाही. शिरीष त्यातूनच पाणी पितो, रेघेपर्यंत.

तुमच्या तेराव्याच्या स्वयंपाकाचे विचारायला गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, "वडे, खीर, आमसुलाची चटणी आणि कारलं. कारलं विसरू नका. श्राद्धाच्या पानावर एक कारलं म्हणजे शंभर भाज्या."

शंभर! याला आधार काय, कोणी मोजले, हे माझ्या ओठांवर आले होते. आप्पा, मी विचारले नाही. तुमच्या कारल्याला इतका मोठा वशिला असल्याचे तुम्हाला कधी कळलेच नाही, आणि ते वाक्य कापायला माझा हात उठला नाही. जसेच्या तसे जाऊ दिले.

कारली तुमच्याच वेलाची काढली. आईंनी चिरली, पिळली, परतली, चिंचेचा कोळ घातला. मग सवयीने हात मांडणीवरच्या गुळाच्या डब्याकडे गेला आणि तिथेच थांबला. इतकी वर्षे मी त्या डब्यावर पहारा केला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"घालू का गं?"

माझ्या तोंडून नेहमीचे 'नको' येणार होते. आलेही असावे, कारण त्यांचा हात मागे गेला. मग मी म्हटले, "घाला आई. गोड लागेपर्यंत घाला."

त्यांनी मोठा खडा घातला. पदराने डोळे पुसले आणि हसल्या. "त्यांना अशीच आवडायची," म्हणाल्या. "तोंड वाकडं करून खायचे, पण बोटं चाटायचे."

तुमचे पान आधी वाढले. मग आम्ही बसलो. ती गुळाची भाजी या घरात मी कधीच खाल्ली नव्हती. आधी कारले आवडत नव्हते म्हणून आणि नंतर ती आपण बंदच केली म्हणून. त्या दिवशी खाल्ली. दुसऱ्यांदा मागून घेतली. सुलभाताई समोरच्या पंगतीला होत्या, त्यांनीही घेतली.

आप्पा, भाजी खरोखर चांगली झाली होती. कारल्यामुळे की गुळामुळे, ते मला सांगता येणार नाही. दोन्ही दरवाजे एकदम उघडले होते.